वेशीबाहेरचं कमळ

मेहरूण तलावावरून सकाळी बोचरा वारा यायला लागला की आमच्या गल्लीत कुणाच्या तरी अंगणात पऱ्हाट्या पेटतात. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. त्यांचा जाळ भसकन होतो, झटकन बसतो, आणि त्यावर टाकलेल्या हिरव्या जाड वांग्यांची सालं तडतडायला लागतात. जळगावात हिवाळा आला हे एवढ्या वासावरून कळतं. स्वेटर त्यानंतर निघतात.

मला त्या वासामागोमाग एक आवाज ऐकू येतो. टण्, टण्, टणणण्. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा. इथं शहरात आता कापूस मशीनवर पिंजतात, त्याची नुसती घरघर असते. माझ्या कानात मात्र अजून धनुकलीच आहे, आणि ती एका दगडी कमानीखाली वाजते. कमानीत कापसाचे तंतू उडताहेत, उन्हाची तिरीप त्यांच्यावर पडली आहे, आणि मी त्या सगळ्याच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं ओरडते आहे, "मंडळी, जरा जवळ या! इथून कोट सुरू होतो!"

परवा असाच पऱ्हाट्यांचा वास सुटला होता आणि फोन वाजला. गावाहून धाकट्या भावाचा.

"अक्का, कोटाच्या दरवाज्याची दुरुस्ती निघालीय. नगरपालिकेचा इंजिनियर घरी येऊन गेला. म्हणतो, तुमच्याकडचा कमळाचा दगड द्या, मूळ जागी बसवतो. रविवारी परत येणार आहे."

"आबा काय म्हणाले?"

"काहीच नाही. ओट्यावर बसून आहेत. तूच ये."

रविवारी सकाळी मी धुळ्याच्या एसटीत बसले. खिडकीची काच नेहमीप्रमाणे बंद होत नव्हती. बाहेर कापसानं भरलेले ट्रॅक्टर, ताडपत्रीच्या फटीतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकलेला. रस्त्याकडेची झाडं म्हातारी झाल्यासारखी पांढरी दिसत होती. तो रस्ता मला पाठ आहे. तरी त्या दिवशी मी पुढं कमी आणि मागंच जास्त चालले होते.

आमचं गाव त्याच रस्त्यावरचं, जळगाव आणि धुळे यांच्या मधलं. एके काळी सगळ्या गावाला कोट होता. आता नदीकडचा एक बुरूज, मधेमधे भिंतीचे तुकडे आणि पूर्वेचा तो दरवाजा, एवढंच उरलं आहे. कोटाच्या आत पेठा, देवळं, मशीद, बारव, कापसाच्या व्यापाऱ्यांची नक्षीदार गॅलऱ्यांची घरं. कोटाच्या बाहेर, दरवाज्यापासून हाकेच्या अंतरावर, आमची वस्ती. आम्ही बौद्ध. आमच्या विहाराच्या पायरीवर उभं राहिलं की दरवाज्याची कमान समोर दिसते. आमच्याकडची माणसं पेठेत जाताना "आत चाललो" म्हणायची आणि परतल्यावर "बाहेर आलो". लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांत असं बोलतात.

तो हिवाळा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचा. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा असेल. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही आणि कुणी हळहळावं म्हणूनही सांगत नाही. इतिहास घेऊन मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. पहिला थोडक्यात हुकला, त्याचं वाईट वाटतं, पण फार नाही. कारण त्या हिवाळ्यात मला जे मिळालं त्याला गुण नसतात.

इतिहासाचे सर मूळचे धुळ्याचे. गावात खोली करून राहायचे आणि सुट्टीतही घरी जायचे नाहीत, कारण सुट्टीच्या दिवशी ते कोट बघत हिंडायचे. त्यांच्या डोक्यात आलं की दर रविवारी सकाळी गाव पायी हिंडवून दाखवायचं. ज्याला यायचं त्यानं यावं. जळगावच्या, धुळ्याच्या कॉलेजातली मुलं एसटीनं येतील, गावातली माणसं येतील. पण सरांना दमा. थंडीत चार वाक्यं बोलले की छाती भरून यायची.

वर्गात म्हणाले, "माहिती मी देतो. आवाज कुणाचा तरी हवा."

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. माझा आवाज ज्वारीच्या राखणीवर कमावलेला होता. माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवत, पाखरांवर ओरडून. एका मुलानं तर म्हटलंच, "सर, सुमनला घ्या. तिनं हाक मारली तर बुरूज पण वळून बघंल."

अशी मी गाव दाखवायला लागले.

पहिल्या रविवारची थंडी आठवते. तोंडातून वाफ निघत होती. पाठीमागं पोरांचा घोळका, स्वेटर-मफलरांतली गावातली दोनचार मोठी माणसं, आणि पुढं मी, मायच्या साडीला पिन लावून. कोटाच्या आतल्या ज्या गल्लीत माय पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन कडेकडेनं जायची, त्याच गल्लीच्या मधोमध मी उभी होते आणि सांगत होते की या घराचं सागवान सातपुड्यातून आलं, या भिंतीत चुन्याबरोबर गूळ आहे, या बारवेच्या पायऱ्या वळतात त्या उन्हाला चुकवून वळतात. वरच्या गॅलरीत बायका जमलेल्या. त्यांचं अहिराणी बोलणं खाली स्पष्ट ऐकू येई.

"कोनी पोर शे वं हाई?"

"दरवाजाबाहेरनी शे. दौलतनी पोर."

"बोलस तर मास्तरीनसारखी!"

मी वर पाहिलं नाही. पण पुढचं वाक्य मुद्दाम जरा मोठ्यानं बोलले, हे कबूल करते. त्या बाईंचे मी आजही आभार मानते. मास्तरीण हा शब्द मला आधी त्यांनी दिला, सरकारनं पुष्कळ उशिरा.

फेरी सुरू दरवाज्यापाशी व्हायची आणि गावातून फिरून संपायचीही दरवाज्यापाशीच. कमानीच्या डाव्या खांद्यावर दगडात कोरलेलं एक कमळ होतं. भरदार, पाकळी पाकळी मोजून घ्यावी असं. उजव्या खांद्यावर नुसती विटांची डागडुजी. सर म्हणायचे, "तिकडं दुसरं कमळ असणार. रस्ता रुंद करताना कोट पाडला, तेव्हा गेलं. कुठं गेलं, समजत नाही."

मला समजत होतं. ते कमळ आमच्या घरी होतं.

आमच्या ओट्याच्या दर्शनी बाजूला, बरोबर मध्ये, एक मोठा दगड आहे. त्यावर पांढऱ्या मातीचा आणि शेणाचा जाड थर असायचा. आबा दर दिवाळीआधी स्वतःच्या हातानं तो थर द्यायचे, बाकीचा ओटा मायकडं. पावसात माती सुटली की खालून पाकळ्या डोकावायच्या. लहानपणी मी तिथं तुरीच्या शेंगा सोलत बसे आणि बोटानं त्या पाकळ्यांच्या कडेकडेनं फिरे. पुढं दिवाळी आली की ते पुन्हा मातीखाली जाई. का, हे मी कधी विचारलं नव्हतं. घरातल्या काही गोष्टी हवेसारख्या असतात, विचारायचं सुचत नाही.

त्या पहिल्या फेरीला दरवाज्याशी आले तेव्हा मी कमळाबद्दल काही न बोलता घोळका पुढं काढला. कमानीच्या आत, जिथं पूर्वी पहारेकरी बसायचे त्या देवडीत, हिवाळ्यात एक पिंजारी चाचा बसत. गावाच्या गाद्या-रजया त्यांच्याकडं. त्यांनी धनुकली थांबवली आणि कापसाच्या ढिगाऱ्यातून आवाज दिला, "बेटी, फूल तो छोड दिया!"

"वेळ झाला चाचा."

"एकही फूल बताने को कितना टाइम लगता है? दो बताने को लगता होगा." आणि हसले. भुवयांवर कापूस बसलेला, त्यामुळं ते कायम नुकतेच बर्फातून आल्यासारखे दिसायचे.

पुढच्या रविवारीही तेच. "बेटी, आज भी फूल का उपास?" चाचांना सगळं माहीत होतं. दरवाज्यात बसणाऱ्या माणसाला गावाचं काय माहीत नसतं?

शेवटी मी आबांजवळ विषय काढला. जेवणं चालली होती. आबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडली, पण घास उचलला नाही.

"आपला घरमा दखाडा सारखं काय शे?" त्यांनी विचारलं.

"कमळ शे, आबा. सर शोधी राहिनात ते."

"चोरीना दगड शे म्हनतीन."

मग माय हळूच बोलायला लागली आणि मला पहिल्यांदा सगळं कळलं. त्यांचं नवीन लग्न झालेलं. आदल्या पावसाळ्यात नदीनं मातीचं घर नेलेलं. कोट पाडायचं काम निघालं तेव्हा आबा त्यावर मजूर होते. मुकादम म्हणाला, पडलेला दगड ज्याला लागेल त्यानं न्यावा, रस्ता मोकळा होऊ द्या. बैलगाड्या लावून लोकांनी दगड नेला. आबांकडं गाडी नव्हती. त्यांनी आणि मायनं तो कमळाचा दगड वेळूला बांधून, दोघांच्या खांद्यावर घेऊन, वस्तीत आणला. इतका देखणा दगड आत कशाला घालायचा, म्हणून तोंड बाहेर करून ओट्याला बसवला. आणि मग एके दिवशी पेठेतला एक दुकानदार सायकलवरून जाताना थांबला, ओट्याकडं बघून चार माणसांसमोर म्हणाला, "वा! गावाचा कोट चोरून दौलतच्या ओट्यात आला म्हणायचा." हसून म्हणाला. आबा हसले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी पांढरी माती कालवली.

मुकादमाचं तोंडी बोलणं. साक्षीला कोण होतं? ज्यांनी गाड्या भरून नेला त्यांना कुणी विचारलं नाही. पण आबांना पक्कं वाटत होतं की उद्या कुणी विचारलंच तर फक्त आम्हाला विचारील. मी इतिहास शिकत होते. त्या रात्री जेवताना मला समजलं की माझ्या घराचा इतिहास वडिलांनी मातीखाली घातलाय, आणि तोही घाबरून.

मी सरांना सांगितलं. वाटलं, ते धावत येतील. सर बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "घर तुझ्या आबांचं आहे. ते नाही म्हणाले तर नाही. मी ते ऐकलंच नाही असं समज." त्या माणसानं कित्येक महिने ज्याचा शोध घेतला ते त्यांच्यापासून हाकेवर होतं, आणि ते एकदाही आमच्या वस्तीकडं वळले नाहीत. पुस्तकांतून मी सरांकडून पुष्कळ शिकले. हे मात्र पुस्तकातलं नव्हतं.

मग एका दुपारी पिंजारी चाचा आमच्याकडं आले. मायनं जुनी रजई उसवून ठेवली होती. चाचा ओट्यावरच बसले, धनुकली लावली, कापूस उडायला लागला. आबा कामावरून आले तशी चाचांनी बसल्या जागी टाचेनं त्या दगडाला टकटक केलं.

"क्यों दौलतभाऊ, फूल को इतनी मोटी रजई ओढाई? ठंडी लगती क्या उसको?"

"चाचा, गंमत नको," आबा म्हणाले.

"गंमत नही. मेरे घर का चूल्हा काहे पे है? कोट के पत्थर पे. मेरा बाप लाया, गधे पे डालके. रोज उसपे रोटी सिकती, कभी चोरी की नही लगी." चाचांनी तोंडातला कापूस थुंकला. "अरे, जिसने तेरे को बोला ना, उसके दुकान का जोता देख एक दिन. वो क्या काशी से लाया?"

आबा हातपाय धुवायला गेले. पण मोरीतून पाणी सांडायचा आवाज बराच वेळ आला नाही, नुसते उभेच असावेत.

त्या हंगामाची शेवटची फेरी संक्रांतीनंतरची होती. आदल्या संध्याकाळी माय भाकरी थापता थापता मला म्हणाली, "सकाय कितला लोके येतीन? वांगा त्या हिशोबे आनना पडतीन." आबा कोपऱ्यात बसून तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर केली नाही. आमच्या घरात परवानगी अशीच मिळायची, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी.

सकाळी मी निघाले तेव्हा ओटा तसाच होता, पांढरा. गावातली फेरी मी कशी उरकली आठवत नाही. दरवाज्याशी आले, डावं कमळ दाखवलं, आणि म्हटलं, "दुसरं बघायला बाहेर जावं लागेल. चला." सर माझ्याकडं बघत राहिले. देवडीत चाचा उठून उभे राहिले, अंग झटकलं, आणि कापूस तसाच टाकून घोळक्यात शिरले.

वस्तीच्या तोंडाशीच पऱ्हाट्यांचा धूर आला. घर दिसलं आणि माझी पावलं थांबली. ओट्यावरची माती नव्हती. दगड धुतलेला, ओला. माय काथ्यानं घासून घासून लाल झालेले हात पदराला पुसत होती. सकाळचं ऊन आडवं पडलं होतं आणि प्रत्येक पाकळीच्या बाजूला सावलीची बारीक रेघ उभी होती. शेजारी आबा, धुतलेली टोपी घालून.

मी तोंड उघडलं, पण त्या दिवशी राखणीवरचा आवाज कुठं गेला कोण जाणे. आबाच बोलले. सुरुवात शुद्ध भाषेत केली, मग ती सुटली.

"हा दगड कोटाचा आहे. चोरीना नही. मुकादमनी सांगं, न्या. मी आन हिनी, दोन्हीसनी वेळूले बांधीसन आना." आणि थांबले. एवढंच.

मग गावातले एक निवृत्त मास्तर घसा साफ करत म्हणाले, "आमच्या परसातल्या आडाचा काठ... तो पण कोटाचाच."

"आमच्या गोठ्याची गव्हाण," दुसरं कुणी.

"आमची तर देवळाची पायरीच आहे हो!"

"मेरा चूल्हा," चाचा मागून ओरडले, "वो भी लिखो!"

माणसं हसायला लागली. एकेकाला आठवायला लागलं. जो कोट कुठं गेला म्हणून सर विचारत होते, तो सगळा गाव बुडाखाली घेऊन बसला होता.

सरांनी विचारलं, "मी हात लावू का?"

"लावा की," आबा म्हणाले. "बसा पण. आम्ही रोजच बसतो."

सर दगडाशेजारी टेकले, कमळावर नाही. मग माय भरिताची परात घेऊन आली. केळीची पानं मांडली, भरितावर कच्चं तेल, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. धुळ्याची, जळगावची, कोटाच्या आतली, बाहेरची माणसं आमच्या अंगणात मांडी घालून बसली. कोण कुणाशेजारी बसलं हे मी बघितलं नाही. आबांनी बघितलं असणार. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत, नुसते वाढत होते.

त्यानंतर कुठल्याच दिवाळीला दगडावर माती चढली नाही.

पुढं मी बी.ए. झाले, बी.एड. केलं, जळगावला शाळेत लागले. सर निवृत्त होऊन धुळ्याला गेले. चाचांच्या देवडीत आता सायकल दुरुस्तीवाला आहे. फेरी मात्र कॉलेजची मुलं अजून काढतात, आणि ती दरवाज्याशी संपत नाही. आमच्या ओट्याशी येऊन संपते. वस्तीत पूर्वी बाहेरचं कोण यायचं? मतं मागणारा आणि पोलीस. आता हिवाळ्यात रविवारी पन्नासेक माणसं येतात, कुणी पाणी मागतं, कुणी पोरांची नावं विचारतं. एसटीत बसल्या बसल्या मला नेमकी हीच काळजी लागली होती. दगड दरवाज्यावर गेला की फेरी पुन्हा तिथूनच मागं वळणार.

घरी पोचले तेव्हा इंजिनियर आलेला होता. तरुण पोरगा, हातात टेप, बोलणं अदबीचं.

"आबा, तुमच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण वस्तू गावाची आहे. गावाला परत द्या."

आबा ओट्यावर, दगडाच्या बाजूला बसले होते. आता त्यांना उठायला भिंतीचा आधार लागतो. मी काही बोलायच्या आत ते बोलले.

"गावले परत द्या म्हंजे? तो गावमाच शे ना." त्यांनी समोरच्या वस्तीकडं बोट फिरवलं. "हाई काय शे मंग?"

पोराच्या हातातली टेप आपोआप सर्रकन आत गेली.

आबांच्या बोलण्यात राग नव्हता. समजूत घालावी तसं म्हणाले, "पाथरवट शेतस. तिकडे नवं घडाई ल्या. चांगलं घडा. मी जागा दखाडाले येसू." आणि पोरगा निघाला तेव्हा त्यांनी तळहातानं दगडावरची धूळ पुसली. ऊन सरकून वर गेलं होतं, पाकळ्या सपाट दिसायला लागल्या होत्या. ते त्यांना आवडलं नसावं.

मला म्हणाले, "सुमन, सांग त्याले. जुनं दखनं व्हई तर सकायले ये म्हना. ऊन आडवं पडस, तवय चांगलं दिसस."